गूळतुला आणि पासंग

कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच, त्यामुळे तराजूत बसणाराही मीच पहिला.

पोरगा कॉलेजला लागला तर त्याची गूळतुला करीन, असा नवस आईने गावदेवीला केला होता. तो फिटल्याशिवाय मला परीक्षेला बसू द्यायचं नाही, हेही तिनेच ठरवलं. परीक्षा तुलेच्या दुसऱ्याच दिवशी होती. (नवस करताना मला कोणी विचारलं नव्हतं.)

बाबांनी वाण्याच्या काट्यावर माझं वजन करून नेमका तेवढाच गूळ आणला. तुलेला मात्र दोन पारडी हवीत, म्हणून उल्हासनगरच्या लाकडाच्या वखारीतला जुना तराजू टेम्पोने आमच्या गावी, सोनिवलीला आला. आईने तो देवळापुढे धुतला. एका पारड्याखाली तारेने दगड बांधलेला होता. देवीच्या कामात हा कचरा कसला, म्हणून तिने तो सोडून पायरीवर ठेवला. आत्या आली, तिने पायरीवरच्या दगडाला हळदकुंकू वाहिलं. मग येणारी प्रत्येक बाई वाहू लागली.

मी दुसऱ्या पारड्यात मांडी घालून बसलो. समोर सगळा गूळ चढला. मी जमिनीवरच.

"सकाळी किती जेवलास रे?" आत्याने विचारलं.

काकांचं म्हणणं, पोरगा अभ्यासाने जड झालाय. बाबांनी माझं पुस्तकांचं दप्तर आणून गुळावर ठेवलं. पारडं जरा हललं, पण मी काही उठलो नाही. आईचा चेहरा उतरला.

तेवढ्यात मला पायरीवरचा दगड दिसला, शेजारी पडलेली तारही. हा तर पासंग! याच शब्दावर मी मराठीच्या वर्गात बोललो होतो. पारड्यातूनच मी सांगू लागलो, की तराजू समतोल राहावा म्हणून हलक्या बाजूला बांधतात तो पासंग. शब्द फारसीतून आलाय, संग म्हणजे दगड. एखादा अगदीच कमी पडला तर तो पासंगालाही पुरत नाही म्हणतात, ते यावरूनच.

"देवाला नावं ठेवू नकोस," आई म्हणाली.

आता देवाला तारेने कोण बांधणार? मी चाचरत सुचवलं, "मग त्याला गुळावर तरी बसवू या."

हे तिला पटलं. दप्तर उतरवून दगड बसवला, आणि मी अलगद वर उचलला गेलो. बायकांनी हात जोडले. आई रडली.

वखारीच्या शेठना बाबांनी दुसरा दगड शोधून दिला. तो आता आमच्या देव्हाऱ्यात असतो... म्हणजे पहिला.

परीक्षेत नेमका प्रश्न आला: 'पासंगालाही न पुरणे' याचा वाक्यात उपयोग करा. मी लिहिलं, 'माझी सगळी पुस्तकं मिळून पासंगालाही पुरत नाहीत.'

मराठीच्या बाईंनी शेरा मारला, 'अतिशयोक्ती टाळावी.' पण मी ते पारड्यात बसून पाहिलं होतं.