हंगामी फौजी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी आमच्या फौजी मामांचं नाव घेतो. आई-वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही, कारण तेही तेच नाव घेतात. मामा नात्यानं आमचे कुणीच नव्हेत. करकंबच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एक, एवढंच काय ते नातं. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. कुठंतरी निघायच्या तयारीत इतकी वर्षं घरात बसलेला माणूस सबंध सोलापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. त्यांच्या उंबऱ्याच्या आत, उजव्या हाताला, एक काळी लोखंडी ट्रंक असते. आत कांबळं, जर्मनचा मग, दाढीचं सामान, बुटाचं पॉलिश, सुई-दोरा, सगळं भरलेलं. चुकून एखादा पाहुणा तिच्यावर टेकला की मामा हात जोडून त्याला उठवतात. "पावणं, जरा पलीकडं सरका. ती सरकारी हाय."

मामा प्रादेशिक सेनेत होते. गावात तिला टेरिटोरी म्हणतात. आपला कामधंदा करत राहायचं, वर्षातून एकदा कॅम्पला जायचं, आणि सरकारनं बोलावलं की हातातलं टाकून सरहद्दीवर हजर व्हायचं, अशी ती नोकरी. कामधंदा म्हणजे साखर कारखान्याच्या गव्हाणीवर, जिथं ऊस उतरवतात तिथं, गाड्यांचे नंबर लावणं. तेही हंगामी. गाळप सुरू झालं की कामावर, हंगाम संपून पट्टा पडला की घरी. कारखान्यातही हंगामी आणि फौजेतही हंगामी, तेव्हा गावानं त्यांचं नावच हंगामी फौजी ठेवून टाकलं. मामांनी ते कधी मनावर घेतलं नाही, निदान तसं दाखवलं तरी नाही. कॅम्पचं लेटर आलं की ते न्हाव्याकडं जाऊन केस इतके बारीक करून यायचे की मामी म्हणायच्या, "एवढं कापायचं तर डोकं हितंच ठिवून जावा की." निघायच्या आदल्या दिवशी ट्रंक उंबऱ्याबाहेर यायची. ती बाहेर दिसली की गल्लीला समजायचं, मामा चालले.

कॅम्पहून परत आले की पुढचे पंधरा-वीस दिवस मामा हिंदीत जगायचे. जेवताना भाकरी संपली तर "और एक" म्हणायचे, म्हशीला "पीछे हट" म्हणायचे, आणि कुठलीही गोष्ट सांगून झाली की समोरच्याकडं रोखून बघत विचारायचे, "कोई शक?" मामींना हिंदी येत नव्हती. त्यांनी एक उत्तर पाठ करून ठेवलं होतं, "लई हाय." घरातल्या पितळ्या मांडणीवर उंचीप्रमाणं उभ्या असायच्या, वाळत घातलेल्या कपड्यांत मामांचा सदरा उजवीकडून पहिला असायचा. गव्हाणीवर तर विचारूच नका. उसाच्या बैलगाड्या तिथं रात्रंदिवस खोळंबलेल्या असतात, आणि जो तो पुढं घुसायला बघतो. मामा छातीवर शिट्टी लटकवून मधे उभे राहायचे आणि रांग सरळ करायचा फौजी हुकूम सोडायचे, "दाहिने सज!" एकदा बीडकडचा एक गाडीवान वैतागून म्हणाला, "मामा, माझ्या बैलाला हिंदी येत नाही." मामा शांतपणे म्हणाले, "शिकंल. मला तरी पैल्या दिशी कुटं येत हुतं?" गंमत अशी, की दिवाळीनंतर आठवड्याभरात ते बैल शिट्टीवर थांबायला लागायचे. गाडीवान मात्र शेवटपर्यंत थांबायचे नाहीत.

एका वर्षी मात्र कॅम्पचं नव्हे, खऱ्या बोलावण्याचं लेटर आलं. ऐन हंगामात आलं. त्याच महिन्यात कारखान्यात काही हंगामी माणसांना कायम करायचं चाललं होतं, आणि गव्हाणीवर मामांचाच नंबर पहिला होता. लोकांनी त्यांना परोपरीनं सांगितलं. आजारी पडा, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, महिनाभर कळ काढा, एकदा कायम झालात की मग खुशाल जा. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि ट्रंक उंबऱ्याबाहेर ठेवली. ते बर्फाच्या मुलखातून परत आले तेव्हा दोन हंगाम उलटले होते आणि गव्हाणीवर दुसरा माणूस कायम झालेला होता. मामांना कुणी काढलं नाही. ते आपले जुन्या जागेवर, जुन्या शिट्टीसह, हंगामी म्हणून पुन्हा उभे राहिले. तिकडं काय झालं हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं की फौजेच्या लंगरातल्या डाळीचं वर्णन करतात. थंडीत मात्र त्यांच्या डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत, तेव्हा मामी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून देतात.

मी बारावी झालो तेव्हा वडिलांनी मामांनाच गळ घातली, पोराला गव्हाणीवर चिकटवून द्या. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, त्यामुळं वडिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मामा म्हणाले, "दादा, गल्लीत हंगामी एक बास झाला. ह्याला पर्मनंट करू." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एसटीत घातलं आणि सोलापूरच्या स्टँडवरून कॉलेजपर्यंत जवळजवळ संचलन करत नेलं. मी मागं पडलो की ते मागं न बघताच ओळखायचे. "पाय चुकला, मास्तर." तेव्हापासून मी त्यांचा मास्तर. प्रवेशाच्या खिडकीपुढं झुंबड होती. मामांनी पाचच मिनिटांत तिची सरळ रांग केली, आणि त्या नादात आम्ही स्वतः सगळ्यात शेवटी उभे राहिलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मुलाचे कोण तुम्ही?" मामा म्हणाले, "युनिट." परत निघताना त्यांनी आपलं फौजेतलं कांबळं माझ्या खांद्यावर टाकलं. सोलापुरात थंडी किती पडते हे त्यांना ठाऊक होतं, तरीही टाकलं.

मी एम.ए. झालो आणि सोलापुरातल्याच एका कॉलेजात शिकवायला लागलो. तासिका तत्त्वावर. म्हणजे कॉलेज उघडल्यावर केव्हातरी बोलावणं येतं, तासाप्रमाणं मानधन, आणि परीक्षा आल्या की नमस्कार. ही बातमी मी पेढे घेऊन सांगायला गेलो. मामांनी पेढा घेतला, मला सलाम ठोकला, आणि मामी पदराआड हसत म्हणाल्या, "एक हंगामी बास म्हणत हुता न्हवं? दुसरा तयार झाला की."

आमच्या गावात माजी सैनिक बरेच आहेत. त्यांचे म्होरके म्हणजे सुभेदारसाहेब. माणूस सरळ, पण हुद्द्याच्या बाबतीत फार कडक. पारावर कधीतरी विषय निघायचाच, टेरिटोरीवाल्याला माजी सैनिक म्हणावं की नाही. सुभेदारसाहेबांचं उत्तर ठरलेलं असे, "आम्ही फौजेला जवानी दिली. ह्यानं सुट्ट्या दिल्या." एकदा न राहवून मी म्हणालो, "साहेब, पण गोळीला कुठं कळतं कोण पर्मनंट आणि कोण हंगामी?" ते म्हणाले, "गोळीला नसंल कळत. पेन्शनीला कळतंय." सगळा पार हसला. सगळ्यात मोठ्यानं मामा हसले. "सायेब बरुबर बोलत्यात," असं म्हणून त्यांनी साहेबांचा चहा स्वतः आणून दिला. घरी जाताना मात्र त्यांचा पाय चुकत होता. मी मागून चालत होतो म्हणून मला दिसलं.

सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत माजी सैनिकांचा सत्कार असतो. पांढरी खोळ घातलेल्या खुर्च्या, शाल, नारळ. त्या दिवशी मामांची पहाटेपासून धावपळ असते. झेंड्यात पाकळ्या घालून, सरपंचाच्या एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारणं त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही. पोरांचं संचलन तेच बसवतात. खुर्च्याही तेच पुसतात आणि दोरी लावून सरळ रेषेत मांडतात. आणि मग माजी सैनिक येऊन बसले की स्वतः झेंड्याच्या खांबाशी जाऊन उभे राहतात.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांनी सूत्रसंचालन माझ्याकडं दिलं. मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. एक खुर्ची जास्तीची मांडून घेतली. सुभेदारसाहेबांच्या भुवया वर गेल्या. सगळी नावं झाल्यावर मी माईकवर मामांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि हुद्द्यासकट, "नाईक, प्रादेशिक सेना" असं पुकारलं आणि म्हणालो, "यांनी आपल्या खुर्चीवर येऊन बसावं." मामा खांबाशी सावधान झाले. तिथूनच, पोरांना हुकूम द्यायच्या आवाजात, त्यांनी विचारलं, "लेटर आलंय का?"

पोरं हसली, बाया हसल्या. मी पुन्हा पुकारलं. मामा जागचे हलले नाहीत. सरपंचांनी मला घाई केली, मी पुढचा कार्यक्रम घेतला, आणि थोड्या वेळानं कुणीतरी त्या रिकाम्या खुर्चीवर नारळाचं पोतं आणून ठेवलं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ते ट्रंकेपाशी बसून बूट पुसत होते. "मामा, का आला नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असावा. ते म्हणाले, "मास्तर, पर्मनंट माणूस आपसूक असतोय. त्याला कुणी बोलवायला लागत न्हाय. आमचं तसं न्हाय. आमी बोलवलं की फौजी, न्हाय तर गव्हाणीवरचं मामा. आन् ते बोलावणं लिहून यावं लागतंय. माईकात काय, कुणाचंबी नाव येतंय. काल संध्याकाळी पाटलाच्या हरवलेल्या शेळीचं आलं हुतं." मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग बुटाकडं बघत ते म्हणाले, "डिस्चार्ज झाल्यापास्नं लेटर न्हाय बघ आलं. पोष्टमन दिसला की अजून बी टाचा जुळत्यात."

मामी मला बाहेर सोडायला आल्या. म्हणाल्या, "गावाला वाटतंय ह्यास्नी शाल पायजे. शाल घिऊन काय करत्यात? बोलावणं पायजे त्यास्नी." आणि दाराच्या चौकटीला धरून त्या पुढं बोलल्या, "सुभेदारीणबाईंनी एकदा रडून घेतलं आन् सवय केली. मी दरसाल नव्यानं सवय करायची. ती मोडती न मोडती तवर ट्रंक परत उंबऱ्याभाईर. सुट्ट्या म्हणं. सुट्टी कुणाला हुती, विचार त्या सुभेदारास्नी."

मी तसाच सुभेदारसाहेबांकडं गेलो आणि मामी जे बोलल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. ते अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. झारी रिकामी झाली तरी ती तशीच कलती धरून उभे राहिले. मग म्हणाले, "लिही लेटर. सही मी करतो. पण खुर्ची माझ्या डाव्या हाताला. आणि बरोबरीचा मान वगैरे काही लिहू नकोस त्यात. ते अजून ठरायचंय."

परवा सोलापूरच्या मोठ्या पोस्टातून मी ते स्पीड पोस्टानं पाठवलं. साधं पाठवलं असतं तर पोस्टमननं दारातून आत टाकलं असतं. हे हातात द्यावं लागतं, सही घ्यावी लागते. पत्र असं आहे:

"विषय: हजर होण्याबाबत.

आपणांस कळविण्यात येते की, येत्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी आपण गावच्या शाळेच्या मैदानावर हजर व्हावे. झेंडा आपणच बांधावा, कारण ती गाठ दुसऱ्या कुणाला येत नाही. गाठ बांधून झाल्यावर आपली ड्युटी माजी सैनिकांच्या रांगेत, सुभेदारसाहेबांच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर राहील. कार्यक्रम संपेपर्यंत जागा सोडू नये. नारळाचे पोते दुसरीकडे ठेवण्याचा आदेश देण्यात आला आहे. कोई शक?

मामा, सुभेदारसाहेबांची सही खाली आहे ती इथवरच्या मजकुरासाठी. इथून पुढचं माझं.

कॉलेज उघडलंय, पण मला अजून बोलावणं आलेलं नाही. येईल असं म्हणतात. तोवर मी रोज सकाळी दाढी करतो, शर्टाला इस्त्री करतो आणि पहिल्या तासाला काय शिकवायचं ते वाचून ठेवतो. हे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलेलं नाही. तुमची ट्रंक बघत मी लहानाचा मोठा झालो. बोलावणं येत नाही तेव्हाही आपण शिक्षकच असतो, हे मला तुमच्याकडं बघून खरं वाटतं. मग तुमच्याबद्दल ते तुम्हाला का खरं वाटू नये?

या पत्राला उत्तर पाठवू नका. लेटर आलं की फौजी उत्तर लिहीत नाही, तो निघतो, असं तुम्हीच सांगायचा. मी चौदा तारखेला संध्याकाळच्या गाडीनं गावी येतोय. मामींना सांगून ट्रंक उंबऱ्याबाहेर ठेवा, म्हणजे मला गल्लीच्या तोंडावरूनच दिसेल.

तुमचा,
मास्तर"