कूलर बंद करून घेतलेला आवाज

ताईचा चंद्रपूरहून फोन आला तेव्हा मी चामोर्शीच्या बाजारात वांग्यांच्या भावावरून उगाच अडून बसलो होतो. "बाबू, तुहे भाऊजी उठून नाई राह्यले," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "कूलर लावला काय?" चंद्रपूरच्या मे महिन्यात माणसाला काहीही झालं की तोंडात आधी हाच प्रश्न येतो. तिनं फोन ठेवला. भाऊजी त्यांच्या खोलीत, टेबलावर डोकं टेकून गेले होते. कूलर बंद होता.

भाऊजींचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान उतरणीला लागलं आणि त्यांना छोट्या आगगाड्यांचा नाद लागला. खेळणी म्हटलेलं खपत नसे, मॉडेल म्हणायचं. अशा जुन्या इंजिनांच्या पोटात एक चिप असते. हॉर्न, ब्रेकचा सुस्कारा, उभ्या इंजिनाची धडधड, सगळं तिच्यात. चिप जळली की तो आवाज संपला, बनवणाऱ्यांकडेही मिळत नाही. म्हणून कुठकुठले शौकीन आपली आजारी इंजिनं भाऊजींकडे कुरिअरनं पाठवत. भाऊजी इंजिन वाजवत आणि समोर रेकॉर्डर ठेवून, चिप पुरती जळण्याआधी आवाज उतरवून घेत. वायर जोडून सरळ का घेत नाही, असं मी एकदा शहाणपणानं विचारलं.

"साळेबुवा, पत्र्यातून घुमून आला तं तो इंजिनाचा आवाज. वायरीतून आला तं नुसता करंट."

त्यापायी खिडक्या बंद, पंखा बंद, कूलर बंद. एकदा मलाही आत बसू दिलं. ऐन हॉर्नच्या वेळी माझ्या पोटात गुरगुरलं. भाऊजींनी रेकॉर्डर थांबवला आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही बसा. पोटाले तेवढं बाहेर पाठवा." मी पोटासकट बाहेर आलो. अंगावरचा शर्ट पिळून काढावा असा झाला होता. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाह्यलं? हे असं रोज चालते. इंजिन वाचवता वाचवता माणूस शिजून जाईन एखाद्या दिवशी."

ते तिचं नेहमीचं बोलणं होतं. आता तेच तिला खात होतं. भाऊजी गेले त्या दुपारी ती पलीकडच्या खोलीत कूलरसमोर झोपली होती. "मी गार हवेत घोरून राह्यली होती, अन् ते तिकडे..." याच्या पुढे वाक्य जात नसे.

काही आठवड्यांनी, त्या दुपारी भाऊजींच्या टेबलावर होतं त्या इंजिनाच्या मालकाचा फोन आला. बिचकत विचारत होता, आवाज निघाला होता का? इंजिन आता मुकं झालं होतं, चालू करून पाहिलं तर नुसता जळका वास आला. राहिला रेकॉर्डर. मी तो चार्ज केला. ताई म्हणाली, "माह्यासमोर लाव." मी कूलर बंद केला.

इंजिन धडधडलं, हॉर्न झाला. मग स्टूल सरकल्याचा आवाज, खटका, आणि एकदम कूलरची घरघर. ताईनं माझं मनगट धरलं. "लावला होता त्यायनं." तिचा चेहरा इतका सैलावला की पुढचं ऐकवू नये असं मला वाटलं. बटणावर बोट ठेवलं होतं, पण दाबवलं नाही. घरघर बराच वेळ चालली... आणि पुन्हा खटका. कूलर बंद. भाऊजी स्वतःशीच पुटपुटले, "घासून राह्यला हॉर्न. एक डाव अजून."

आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. यावेळी हॉर्न स्वच्छ होता, अगदी शेवटच्या सुस्काऱ्यापर्यंत. त्यानंतर बॅटरी संपेपर्यंत नुसती शांतता. त्या शांततेच्या सुरुवातीला श्वास ऐकू येत होता का, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही.

ताईनं रेकॉर्डर हातात घेतला.

"दुसरा चांगला आला ना?"

"चांगला आला."

"मंग तोच पाठव. पहिला त्यायले पटला नव्हता."

मग उठून तिनं कूलर लावला, आणि त्या घरघरीत आम्ही दोघं, एकमेकांना धड ऐकू न येणारं काहीबाही बोलत बसलो.