आधी तुमचं तोंड दाखवा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वारूळवाडीत मी दातांचा दवाखाना टाकला. पेशंट फारसे नसायचे. निमगाव सावाकडच्या एका वृद्धाश्रमाने बोलावलं, तेव्हा लगेच गेलो. तिथल्या मावश्यांना म्हाताऱ्यांचे दात नि हिरड्या कशा साफ ठेवायच्या ते शिकवायचं होतं.

मावश्यांनी प्लास्टिकच्या जबड्यावर छान ब्रश फिरवला. मग खऱ्या तोंडासाठी त्यांनी आबांना खुर्चीत आणून बसवलं. आबांनी जन्मभर बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली केलेली. जबडा फाकवून दातांवरून बैलाचं वय सांगायचे. हल्ली भाकरी सोडून नुसती पेज प्यायचे. विचारलं की म्हणायचे, "भूक न्हाई."

"आबा, आ करा," एक मावशी म्हणाली.

"का? मला इकाया काढलंय व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, आधी तुमचं तोंड दाखवा."

दाखवलं. काय करणार? आबांनी माझा ओठ अंगठ्याने खाली ओढला, मान उजेडाकडे वळवली, दोन दात हलवून पाहिले. "जुळलेला हाय. उतार लागला."

म्हणजे सगळे दात येऊन झालेला, वय सरलेला बैल. मी अजून तिशीतही नव्हतो.

मग मावश्यांची रांग लागली. एकीला आबा म्हणाले, "मिश्री लई लावती. भाव पडंल."

ती खरंच दुखावली. "चूळ भरायची राह्यली व्हती, आबा. थांबा, आलेच!" चूळ भरून आली आणि पुन्हा आ करून उभी राहिली. गलका ऐकून व्यवस्थापक आले, आणि काय चाललंय हे विचारण्याआधीच त्यांनीही तोंड उघडलं.

सगळे बघून झाल्यावर आबांनी बोटं तोंडात घातली आणि खालची अख्खी कवळी काढून माझ्या हातावर ठेवली.

"अगं बाई, जबडा निघाला!" मिश्रीवाली मावशी किंचाळली.

ते दात आबांचे स्वतःचेच, असं सगळ्यांना वाटत होतं. आबा झोपतानासुद्धा कवळी काढत नसत. हलक्या आवाजात मला म्हणाले, "बैलाचं दात बगनाऱ्याचंच दात खोटं? लोक काय म्हनतील?"

कवळीची कड टोचून हिरडीला मोठी जखम झाली होती. मी कड घासून दिली. हिरडी ओल्या फडक्याने कशी पुसायची, कवळी रोज घासून रात्री पाण्यात का ठेवायची, हे मावश्यांना आबांच्याच तोंडावर शिकवलं. जखम भरली तसे आबा भाकरीवर आले.

पुढच्या खेपेला गेलो तर सकाळी व्हरांड्यात आबांपुढे मावश्या आ करून रांगेत उभ्या. त्यांची तपासणी झाल्याशिवाय आता कुणीच म्हातारं तोंड उघडेना. हे मी शिकवलेलं नव्हतं, पण मोडलंही नाही.

आबांची कवळी रात्री पाण्याच्या वाटीत असायची. वाटीवर ताटली, ताटलीवर टोपी. आश्रमात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणीही टोपी उचलत नसे.