डी भागाची वाटणी

लिहायला बसावं एवढा मी मोठा नाही. घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. काही चुकलं तर समजून घ्यावं.

परतूरला आमच्या मराठीच्या सरांनी विहिरी खोदणाऱ्या माणसांचे शब्द वर्षानुवर्षं गोळा केले होते. ते टायपिंगच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होते आणि नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना. म्हणून नव्या सिस्टीमशेजारी जुनी सिस्टीमही बसवून द्यायचं काम त्यांनी मला सांगितलं. डिस्कचे सी, डी, ई असे तीन भाग करताना मी सहज ‘वाटणी’ म्हणालो.

सर हसले. "वाटणी करून राह्यलास व्हय? मंग माझा हिस्सा बराबर सांभाळ, बाबा."

नवी सिस्टीम सी भागात होती, त्यांचे शब्द मी ई भागात ठेवले. दुसरी प्रत नव्हती. रिकामा डी पुसून तिथं जुनी सिस्टीम बसवायची होती. पण जुन्या सिस्टीमला नवीचा भाग दिसतच नाही. तिच्या लेखी डीचा सी झाला आणि ईचा डी. तिच्यातून मी डी पुसला, म्हणजे सरांचे शब्दच.

"सर, डिस्कच खराब झाली," मी म्हणालो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. त्यांनी नवी डिस्क आणली.

पुसलेलं पुष्कळदा परत मिळवता येतं, हे मला पुढे नोकरीत कळलं. तरीही मी गप्पच राहिलो.

परवा वर्गमित्राचा फोन आला. सर गेले. त्यांच्या कपाटात ती जुनी डिस्क फडक्यात गुंडाळलेली सापडली. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती: "दुरुस्त करणारा भेटला की द्यायची."