बाबांच्या पाटावर आई

परवा जुनी उशी उसवली. कापसाचा उबट वास नाकात शिरला आणि आमचा कुत्रा शेरू आठवला.

मी लहान होते. बाबा बैलबंडीत कापूस भरून सिंदीला विकायला गेले होते. खरेदी केंद्रावर बंड्यांची रांग लागली की तिथेच मुक्काम पडायचा. इकडे शेरूने खाणंच सोडलं. रोज जेवताना बाबा पहिला घास त्याला देत. दुसऱ्या कुणी टाकलेल्या भाकरीकडे तो बघेना.

शेवटी आईने बाबांचा दुपट्टा खांद्यावर घेतला आणि त्यांच्या पाटावर बसली. सगळ्यांच्या मागून जेवणारी आई! गरम भाकरी मोडून तिने घास पुढे केला. "खाय रे बाप्पा. येतीन ना ते."

शेरूने दुपट्टा हुंगला आणि घास घेतला. आईने मोठा श्वास सोडला. मग रोज तसंच चाललं.

बाबा परतले त्या संध्याकाळी शेरूने त्यांचा घास तोंडात धरला, पण चुलीपाशी बसलेल्या आईकडेच बघत राहिला.

"काऊन रे, खाऊन नाई राह्यला?"

आईने लाजत सगळं सांगितलं. बाबा हसले, सरकून बसले. "मंग तू बी बस इथंच."

आईला गरम भाकरी मिळू लागली ती त्या दिवसापासून.