वकीलसाहेब बाकावर बसले तेव्हा

माझी धाकटी जाऊ एका वकिलाकडे सव्वीस वर्षं टायपिस्ट होती. साहेब कोर्टात वाघ, पण ऑफिसात पक्षकाराचं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत "कळलं, कळलं" म्हणून हात झटकायचे. जावेला ते मुळीच खपायचं नाही.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. घरमालकाचा दावा असा, की यांचं दुकान वर्षभर बंदच होतं, तेव्हा गाळा परत द्या. गाळा गेला की बाईंचं पोट गेलं. बाई सांगायला लागल्या, तर साहेब म्हणाले, "मध्ये बोलू नका. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी बाई आपले कागद परत न्यायला आल्या. सुनावणी चार दिवसांवर. जावेने त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि कागद मिळाल्याची पोच टाइप करायला घेतली. एरवी तिची बोटं दिसायची नाहीत, त्या दिवशी एकेक अक्षर शोधत बसली. मग आत गेली.

"साहेब, त्या चालल्या."

"जाऊ देत."

"मग पोच तुम्हीच टाइप करा. नाहीतर बाहेर येऊन माफी मागा."

साहेबांना टायपिंग येत नव्हतं. ते आले, बाईंशेजारी बसले, "चुकलं माझं" असं पुटपुटले आणि लगेच उठायला गेले. टर्रकन आवाज झाला. बाकाला एक खिळा वर आलेला होता. पक्षकार नऊ वर्षं त्याची तक्रार करत होते.

"हलू नका," म्हणत बाईंनी पिशवीतून सुईदोरा काढला. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे, बाई टाके घालत बोलताहेत. मध्ये तोंड घालायची सोय नव्हती, सुई बाईंच्या हातात.

"दुकान बंद होतं म्हणे. मग घरमालकाचा सूट कुठे शिवला?" त्यांनी मापांची वही पुढे केली. घरमालकाची कंबर, त्याच वर्षात दोनदा, तारखेसकट, खाली त्याची सही. दुसऱ्या वेळी दीड इंच वाढलेली.

"हे काल का नाही सांगितलंत?"

सुई थांबली. "सांगतच होते."



खिळा साहेबांनी त्याच संध्याकाळी स्वतः ठोकला. कोर्टात कंबर वाचून दाखवली तेव्हा न्यायाधीशांना एकदम खोकला आला. गाळा राहिला. निकालानंतर बाई भेटायला आल्या, तेव्हा त्यांचं बोलून संपेपर्यंत साहेब बाकावर बसून होते. ही काही लहान गोष्ट नाही. माझे कपडे त्याच शिवतात. त्या किती बोलतात ते मला विचारा.