मावशीच्या बोटावरची काळी खपली

"हात हलवू नका, मावशी," म्हणत डॉक्टरांनी माझ्या मावशीच्या बोटावरच्या काळ्या खपलीच्या कडेचा बारीक तुकडा काढला.

मंडळी, आज दुपारी आम्ही शेवगावहून नगरला त्वचारोगाच्या दवाखान्यात गेलो होतो. बागेत लिंबोणीचा काटा रुतला आणि मावशीचं बोट काळं पडत गेलं. जंतूंमुळे मांस मरतंय असं समजून शेवगावच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या संपल्या, तरी काळेपणा वाढतच होता. बोट काढावं लागेल, असं तिला त्यांनीच सांगितलं होतं.

"काटा रुतल्यावर काय लावलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बागंतली वली माती. आमी तेच लावतो, रगत थांबतं."

"आणि हातमोजे?"

"हातमोजे घालून लिंबं तोडायची? झाडं हसतील मला."

नंतर डॉक्टरांनी आम्हाला तो तुकडा सूक्ष्मदर्शकातून बघू दिला. निळसर उजेडात बारीक धागे पसरले होते, फांद्या फुटलेले, अगदी स्थिर. मावशी बराच वेळ बघत राहिली. रस्त्यावरचे हॉर्न कुठेतरी लांब गेले.

"आपल्या बागंवानीच दिसतंय की," ती म्हणाली.

ते धागे म्हणजे बुरशी होती, मातीतून आलेली. औषध बदललं. बोट आत्ता कापायचं नाही, आधी वाट बघू, असं ठरलं.

परतताना एसटीत मावशी झोपली. तिचा दुखरा हात माझ्या मांडीवर होता. तुमच्याकडे काटा रुतला की काय लावतात?

दुसऱ्या दिवशी सकाळची भर: बोट अजून काळंच आहे. मावशीने नवी गोळी घेतली आणि बागेत जाण्याआधी माझे गाडीवरचे हातमोजे मागून घेतले.